आधी आजार की आधी दुखणे? : दुर्मीळ चयापचय विकार असलेल्या मुलांच्या वेदनांचा आढावा

पेशींमधली बहुतेक रासायनिक कामे एन्झाइमांवर, म्हणजे विकरांवर चालतात. एखादे विकर घडवणाऱ्या जनुकात दोष असला, की ज्याचे विघटन व्हायला हवे ते द्रव्य साठत जाते किंवा जे तयार व्हायला हवे ते तयारच होत नाही. असे चौदाशेहून अधिक आनुवंशिक चयापचय विकार आज नोंदले गेले आहेत. एकेक विकार दुर्मीळ असला, तरी सगळे मिळून मुलांची संख्या लहान नाही. या विकारांची चर्चा बहुधा निदान, जनुक, औषधांची किंमत आणि आयुर्मान यांभोवती फिरते. मुलाला जे दुखते, त्याचा स्वतंत्र विचार फार उशिरा सुरू झाला आणि त्यातले बरेच प्रश्न अजून सुटलेले नाहीत. गेल्या चाळीसएक वर्षांत हा विचार कुठून कुठे आला, आज मतभेद कशावर आहेत आणि एकमत कशावर झाले आहे, हे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

तान्ह्या बाळाची मज्जासंस्था पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्याला मोठ्यांसारखे दुखत नाही, हा समज वैद्यकात १९८०च्या दशकापर्यंत टिकून होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया स्नायू शिथिल करणारे औषध आणि नाममात्र भूल यांवर उरकल्या जात. १९८७ साली ऑक्सफर्डमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधताना ज्या बाळांना फेंटानिल हे वेदनाशामकही दिले, त्यांच्या शरीराने ताणाची संप्रेरके कमी सोडली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यात कमी झाल्या. बाळाला दुखते की नाही, हा वाद तिथून पुढे मागे पडत गेला आणि त्याला किती दुखते, हा प्रश्न पुढे आला.

वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या १९७९ची. २०२० साली तिची फेरमांडणी झाली, तेव्हा बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे मानता येणार नाही, हे त्यात स्पष्ट नमूद झाले. वाचा नसलेल्या किंवा आलेली वाचा आजाराने हिरावून नेलेल्या मुलांसाठी हे वाक्य मोलाचे आहे.

विकारांच्या बाजूचा इतिहास वेगळ्या वेगाने गेला. फिलिप गोशे यांनी आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार १८८२मध्ये वर्णिला. १८९८मध्ये योहानेस फाब्री आणि विल्यम अँडरसन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे फाब्री आजाराच्या नोंदी केल्या. मुळावर घाव घालणारे औषध यायला मात्र शंभर वर्षे लागली. गोशेसाठी बाहेरून विकर देण्याचा उपचार १९९१मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, फाब्रीसाठी २००१मध्ये युरोपात. तोवर डॉक्टरांच्या हाती लक्षणांवरचे उपचार तेवढे होते. औषध आल्यावर सगळे लक्ष त्याकडे वळले आणि वेदना ही आजार हटला की आपोआप हटणारी बाब मानली गेली.

दुखण्याच्या तीन तऱ्हा

या विकारांतले दुखणे एका जातीचे नसते. समजायला सोपे जावे म्हणून त्याच्या तीन तऱ्हा करता येतील.

पहिली तऱ्हा चेतातंतूंच्या वेदनेची. फाब्रीत तळहात-तळपायांची आग होते, मुंग्या येतात. ताप, उन्हाळा, पळापळी यांनी त्यात भर पडते. या मुलांना घामही कमी येतो, त्यामुळे उन्हातली कवायत त्यांच्यासाठी शिक्षा ठरते. बारीक चेतातंतू बाधित होत असल्याने नसांची नेहमीची विद्युत चाचणी नॉर्मल येते आणि रिपोर्ट पाहून मूल बहाणे करते आहे, असा निष्कर्ष निघू शकतो. वाढीच्या वयात हातपाय दुखायचेच, ही घरोघरची समजूतही मदतीला येते. १७६५ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचे विश्लेषण २००७मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुलग्यांमध्ये लक्षणे सुरू होण्याचे मध्यक वय ९ होते आणि निदानाचे २३. मुलींमध्ये हेच आकडे १३ आणि ३२ होते. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलींना पूर्वी नुसत्या वाहक समजत. त्यांनाही दुखते, हे मान्य व्हायला वेळ लागला.

दुसरी तऱ्हा हाडासांध्यांची. गोशेमध्ये अस्थिमज्जेत चरबीयुक्त पेशी साठतात आणि हाडाचा रक्तपुरवठा अचानक अडला की ठणका सुरू होतो. मूल मांडीला हात लावू देत नाही, ताप चढलेला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पण सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ, असे चित्र दिसते. हाडात जंतुसंसर्ग झाल्यावरही असेच दिसते. गोशेचे निदान आधी झालेले नसेल, तर हाडाला छेद देण्यापर्यंत मजल जाते आणि त्यातून नसलेला संसर्ग आत शिरण्याचा धोका असतो. म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या गटात सांधे आखडतात, खुबे निखळतात, मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब येतो. मनगटात नस दबली, तर मोठा माणूस रात्री हात झटकत उठतो. ही मुले तक्रार करत नाहीत. शर्टाचे बटण लावायला वेळ लागू लागतो, पेन्सिल सुटते, एखादे मूल बोटे चावते. म्हणून तक्रारीची वाट न पाहता ठरावीक काळाने मनगटाच्या नसांची तपासणी करावी, असे या गटाचे तज्ज्ञ सांगतात.

तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड. क्राबे, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, सॅनफिलिपो यांसारख्या विकारांत मेंदूच झिजत जातो. स्नायू ताठरतात, गिळणे बिघडते, जठरातले आम्ल वर येते, बद्धकोष्ठता जडते. मूल तासन् तास रडते किंवा अंग ताठ करते. ते दुखण्यामुळे की मेंदूच्या बिघाडामुळे, हे सांगणे कठीण असते. सॅनफिलिपोची मुले आरडाओरडा, धावाधाव करतात, तेव्हा तो आजाराचा स्वभावच आहे असे मानले जाते आणि किडलेला दात किंवा कानातला पू तसाच राहून जातो.

या तिन्हींशिवाय उपचारांचे स्वतःचे दुखणे असते. विकर शिरेतून द्यावे लागते. गोशे आणि फाब्रीत दर पंधरवड्याला, म्युकोपॉलिसॅकरिडोसिसच्या बहुतेक प्रकारांत दर आठवड्याला, आणि तेही जन्मभर. शीर सापडेपर्यंत दोन-तीनदा टोचावे लागले, तर पुढच्या वेळी मूल हॉस्पिटलच्या दारातच आक्रोश करते. सुई टोचण्याआधी तासभर बधिर करणारे मलम लावणे, आईच्या मांडीवर बसवूनच सुई लावणे, यावर दुमत नाही. अंमलबजावणी मात्र वॉर्डागणिक बदलते.

ओळखायचे कसे

बोलणाऱ्या मुलाला चेहऱ्यांची चित्रे किंवा शून्य ते दहाची पट्टी दाखवता येते. न बोलणाऱ्यांसाठी निरीक्षणाची साधने तयार झाली आहेत. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढता येणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देणारी ‘फ्लॅक’ पट्टी १९९७ची. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती २००६मध्ये आली. कॅनडात तयार झालेल्या एका तपासणी यादीत ३० वर्तनांचे दोन तास निरीक्षण करतात.

या साधनांविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार मोजणी सर्वांसाठी सारखी हवी, नाहीतर एका केंद्राचे निष्कर्ष दुसऱ्याशी ताडता येणार नाहीत. दुसरे मत असे, की या मुलांत वेदनेची खूण मुलागणिक वेगळी असते, त्यामुळे पट्टीही मुलागणिक हवी. काही पट्ट्यांमध्ये आईवडिलांनाच खुणा लिहायला सांगतात. समजा, आईने लिहून दिले : दहापैकी तीनला ओठ घट्ट मिटतो, सहाला मान उजवीकडे वळवून धरतो, नऊला अगदी गप्प होतो. रात्रपाळीच्या नर्सला हा कागद नसेल, तर गप्प पडलेले मूल शांत झोपलेले वाटेल. सुधारित ‘फ्लॅक’ने मधला मार्ग काढला आहे. पाच बाबी ठरलेल्या, पण प्रत्येकीत त्या मुलाच्या खास खुणा जोडायला जागा. दाखल होतानाच पालकांकडून अशी नोंद घ्यावी, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. पालक थकलेले आणि धास्तावलेले असतात, त्यांचा अंदाज कधी वर तर कधी खाली जातो, हा आक्षेप मात्र उरतो.

प्रश्नाचा आवाका दाखवणारी एक पाहणी २००३मध्ये कॅनडात झाली. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या ९४ मुलांच्या पालकांनी चार आठवडे नोंदी ठेवल्या. त्या काळात ७३ मुलांना एकदा तरी दुखले होते. पडण्या-झडण्याने झालेले दुखणे कमी होते. पोट, संसर्ग, स्नायू आणि हाडे ही कारणे मिळून त्याहून जास्त होती. ही पाहणी फक्त चयापचय विकारांची नव्हती, तरी त्यांच्याबद्दल बोलताना तिचाच आधार घ्यावा लागतो.

पहिला मतभेद : मुळावर उपचार की वेदनेवर

विकर दिल्यावर वेदना किती कमी होते? गोशेमध्ये उत्तर बऱ्यापैकी आश्वासक आहे. उपचार लवकर सुरू झाले तर हाडांच्या तीव्र कळा कमी होतात. मांडीच्या हाडाचे डोके एकदा मृत झाले, तर मात्र ते पूर्ववत होत नाही.

फाब्रीत चित्र गुंतागुंतीचे आहे. २००१ साली दोन औषधांच्या चाचण्या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. २६ पुरुषांवरच्या चाचणीत वेदना हाच मुख्य निकष होता आणि औषध घेणाऱ्यांची वेदना लक्षणीय घटली. ५८ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला साठा हटला का, हे मुख्यतः पाहिले होते. तिथे वेदनेचे गुण औषध घेणाऱ्यांत सुधारले, तसेच औषध नसलेला द्रव घेणाऱ्यांतही सुधारले. वेदना मोजताना अपेक्षेचा प्रभाव किती मोठा असतो, हे त्यातून दिसले. एका गटाचे म्हणणे असे, की चेतातंतू मरण्याआधी, म्हणजे बालपणीच, विकर सुरू केले तर वेदनेवर ताबा मिळेल, मोठ्यांवरच्या चाचण्यांवरून निष्कर्ष काढू नयेत. दुसरा गट म्हणतो, की विकर चालू असतानाही कार्बामाझेपिन किंवा गॅबापेंटिन ही चेतातंतूंच्या वेदनेवरची औषधे लागणारी मुले पुष्कळ असतात, तेव्हा वेदनेचे उपचार विकराची वाट पाहत थांबवू नयेत. लक्षणे असलेल्या मुलाला वयाची वाट न पाहता विकर द्यावे, हे दोघांनाही मान्य आहे. लक्षणे नसलेल्या मुलग्यात कोणत्या वयाला सुरुवात करावी, यावर देशोदेशींच्या शिफारशी जुळत नाहीत.

हर्लर या म्युकोपॉलिसॅकरिडोसिसच्या प्रकारातला अनुभव आणखी एक बाजू दाखवतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण तिथे १९८०पासून होत आहे. त्याने मुलांचे आयुष्य वाढले आणि बुद्धीही बऱ्याच अंशी वाचली. पण नव्या पेशींनी तयार केलेले विकर हाडे आणि सांधे यांपर्यंत पुरेसे पोचत नाही. पूर्वी जी मुले दहा वर्षांपलीकडे क्वचितच जगत, ती आता मोठी होतात आणि खुबे, पाठीचा कणा, मनगटे यांचे दुखणे सोबत घेऊन होतात. जीव वाचवणारा उपचार यशस्वी झाला, म्हणूनच वेदनेचा प्रश्न समोर आला.

दुसरा मतभेद : शोध की उपचार

मेंदू झिजणाऱ्या विकारातले मूल विव्हळत राहिले, तर किती तपासण्या कराव्यात? एक पक्ष म्हणतो, आधी कारण शोधा : दात, कान, डोळ्यावरचा ओरखडा, आम्लपित्त, बद्धकोष्ठता, मूतखडा, निखळलेला खुबा, न कळता मोडलेले हाड. नुसते गुंगीचे औषध दिले तर बरे करता येणारे कारण झाकले जाईल. दुसऱ्या पक्षाच्या मते, तपासण्यांची साखळी महिनोन् महिने चालते, कारण सापडतेच असे नाही आणि तोवर मूल सोसत राहते. वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणाच या मुलांत बिघडलेली असते, त्यामुळे पोटात नेहमीइतका वायू झाला, तरी मेंदूपर्यंत कळ म्हणून पोचते. अमेरिकेतल्या डॉक्टर ज्युली हॉवर यांनी २००७मध्ये गॅबापेंटिनने अशी मुले शांत झाल्याचे अनुभव मांडले. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी २०१७ साली अमेरिकन बालरोग अकादमीच्या अहवालाने दोन्ही गोष्टी जोडल्या : मोजका, टप्प्याटप्प्याचा शोध घ्यावा आणि कारण मिळाले नाही तर ठरावीक मुदतीसाठी औषध देऊन पाहावे. कॅनडात अशी पायरीपायरीची पद्धत तपासून पाहिली गेली आहे. मुदत किती आणि औषध कधी थांबवायचे, हे अजून ठरायचे आहे.

औषधांची पथ्ये

इतर मुलांना निर्धोक असलेले औषध इथे विषासमान ठरू शकते, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात. फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक विकार असेल, तर तीच साखर यकृताला घातक. वेदनाशामक सिरपमधल्या सॉर्बिटॉलचेही तेच. नायट्रस ऑक्साइड हा वायू दंतवैद्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत वापरला जातो. होमोसिस्टीनच्या चयापचयात दोष असेल, तर हा वायू आधीच लंगडत असलेली रासायनिक वाट पुरती बंद करतो. काही महिन्यांच्या एका बाळाला थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा हा वायू दिला गेला आणि पुढे ते दगावले. विकार नंतर उघड झाला. ही नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली आणि भूलतज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

पहिल्या प्रकारच्या ग्लायकोजेन साठवण विकारात प्लेटलेट नीट काम करत नाहीत, म्हणून ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात. युरिया चक्राच्या विकारांत व्हॅल्प्रोएट हे अपस्मारविरोधी औषध अमोनिया वाढवते. या मुलांना शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणेही धोक्याचे, म्हणून ग्लुकोजची सलाइन लावून ठेवतात. सेंद्रिय आम्लांच्या विकारात पोट दुखले, तर अपचन समजून सोडून देता येत नाही, स्वादुपिंडाची सूज असू शकते. पॅरासिटामॉलविषयी मतभेद सौम्य आहेत. नेहमीच्या मात्रेत बहुतेक मुलांना ते चालते, पण मूल दिवसभर काही खात नसेल किंवा यकृत आधीच दुबळे असेल, तर मात्रा कमी करावी असे बरेच तज्ज्ञ मानतात. अशा पथ्यांचे आणीबाणीचे पत्र मुलाच्या फाइलला जोडलेले असावे, हा आग्रह आता सर्वत्र आहे.

मॉर्फिनचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेतला बदल बोलका आहे. १९८६मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत आली. २०१२मध्ये मुलांसाठी दोनच पायऱ्या ठेवून मधल्या पायरीवरचे कोडीन वगळले, कारण ते शरीरात मॉर्फिनमध्ये बदलते आणि हा बदल मुलामुलांत फार वेगळ्या गतीने होतो. २०१९मध्ये औषध कंपन्यांच्या प्रभावाविषयी आक्षेप निघाल्यावर २०१२ची ही मार्गदर्शक तत्त्वे मागे घेतली गेली. २०२०च्या नव्या तत्त्वांत व्यायामोपचार, मानसोपचार आणि औषधे यांना एकत्र स्थान आहे. आयुष्य मर्यादित करणाऱ्या आजारांत आणि अखेरच्या काळात मॉर्फिन देता येईल, पण देखरेखीखाली, असे त्यात म्हटले आहे. शिफारशींमागचा पुरावा कमकुवत असल्याचे संघटनेने स्वतःच नमूद केले. २०१७मधल्या कॉक्रेन आढाव्यांतही हेच दिसले होते. मुलांच्या कर्करोगेतर दीर्घ वेदनेसाठी मॉर्फिनगटातली औषधे किंवा पॅरासिटामॉल यांची निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी सापडली नाही. अपस्मारविरोधी औषधांच्या दोन सापडल्या, त्यांत मिळून १४१ मुले.

श्वासमार्ग अरुंद असलेल्या किंवा स्नायू ढिले असलेल्या मुलांत मॉर्फिनने श्वास मंदावण्याची भीती खरी आहे. मूत्रपिंड दुबळे असेल, तर त्याचे अवशेष साठतात. दुसरीकडे, या भीतीपोटी मात्रा इतकी कमी दिली जाते, की दुखणे तसेच राहते. कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवणे आणि श्वासाचे निरीक्षण ठेवणे हा व्यवहारातला तोडगा आहे. कोणत्या विकारात सुरुवातीची मात्रा नेमकी किती, याला प्रत्येक विकारासाठी उत्तर नाही.

भारतातली स्थिती

२०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गोशे असलेल्या एका गरीब मुलाला सरकारने मोफत उपचार द्यावेत, असा निकाल दिला. पुढे २०२१मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आले. २०२२पासून मान्यताप्राप्त केंद्रांत प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय सुरुवातीपासून या केंद्रांपैकी एक आहे. विकराची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मूल वाढते तसा खर्च वाढतो आणि ठरलेली रक्कम पुरी पडत नाही, हा पालकांचा मुख्य मुद्दा. धोरणाचे समर्थक सांगतात, की मर्यादित निधीत कुठेतरी रेषा ओढावी लागते.

वेदनेच्या औषधांची गोष्ट उलटी आहे. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, अडचण मिळण्याची आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे जंजाळ उभे केले. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ती वाट सोपी केली, पण तालुक्याच्या गावी साठा आणि प्रशिक्षित डॉक्टर दोन्ही सापडणे कठीणच. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या सेवेचा, एक प्रयत्न टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांच्या सहभागाने जव्हारसारख्या आदिवासी भागात झाला आहे. ही सेवा केव्हा सुरू करावी, यावरही दोन मते आहेत. ‘पॅलिएटिव्ह’ शब्द ऐकताच डॉक्टरांनी हात टेकले असे कुटुंबाला वाटते, म्हणून काही डॉक्टर तो शेवटापर्यंत उच्चारत नाहीत. ब्रिटनमध्ये, जिथे १९८२ साली ऑक्सफर्डला मुलांचे पहिले हॉस्पिस उभे राहिले, अशा वाढत जाणाऱ्या विकारांत निदानापासूनच ही सेवा जोडण्याचा प्रघात पडला आहे.

कुठे पोचलो

मान्य झालेल्या गोष्टी मोजता येतात. न बोलणाऱ्या मुलाची वेदना खरी आहे. पालकांची नोंद तपासणीचाच भाग आहे. विकाराची पथ्ये माहीत असल्याखेरीज वेदनाशामक लिहू नये. मूळ उपचार आणि वेदनेचे उपचार बरोबरीने चालावेत.

न सुटलेल्या प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे : मुले थोडी आणि विखुरलेली, त्यामुळे मोठ्या चाचण्या होत नाहीत आणि औषधांचे आडाखे कर्करोगाच्या किंवा मोठ्या माणसांच्या अनुभवावरून बांधावे लागतात. आंतरराष्ट्रीय नोंदवह्या हा त्यावरचा सर्वाधिक चर्चेतला मार्ग आहे. त्यांत विकराची मात्रा, यकृत-प्लीहेचा आकार, मूत्रपिंडाचे काम काटेकोरपणे भरले जाते. वेदनेचा रकाना असला, तरी प्रत्येक केंद्राची पट्टी वेगळी असते आणि लहान मुलांच्या बाबतीत तो बरेचदा रिकामा राहतो. सगळ्या केंद्रांनी एकच पट्टी ठरवली आणि प्रत्येक भेटीत ती भरली, तर वर मांडलेल्या निदान दोन मतभेदांवर, विकर केव्हा सुरू करावे आणि कारण न सापडता औषध किती दिवस द्यावे यांवर, येत्या दशकात पुराव्याने बोलता येईल. त्यासाठी नव्या औषधाची गरज नाही, नोंदीला लागणारी दहा मिनिटे आणि ती भरणारे माणूस हवे.